जुन्या परीकथेवरून किशोरांसाठी फॅन्टसी कादंबरी कशी लिहावी

परीकथा जेमतेम चार पानांची आणि तुम्हाला लिहायची आहे तीनशे पानांची कादंबरी. मधली पानं कुठून आणायची? बरेच जण दोन राज्यांचं युद्ध आणि एखादी भविष्यवाणी आणून जागा भरतात. माझ्या मते त्याची गरज नसते. मूळ कथेनं जे सांगायचं टाळलंय, तिथेच कादंबरीचा ऐवज असतो.

पायरी १ : कथेची जुनी रूपं वाचा

लहानपणी ऐकलेली किंवा पडद्यावर पाहिलेली गोष्ट तूर्त बाजूला ठेवा. जर्मनीच्या ग्रिम बंधूंचा परीकथांचा संग्रह १८१२ मध्ये निघाला आणि १८५७ च्या सातव्या आवृत्तीपर्यंत त्यात फेरफार होत राहिले. १८१२ ची हिमगौरी सख्ख्या आईच्या मत्सराला बळी पडते; १८१९ मध्ये ती आई सावत्र झाली. सिंड्रेलाचा भोपळा आणि काचेचा बूट फ्रान्सच्या शार्ल पेरोच्या १६९७ च्या पुस्तकातले. ग्रिमच्या कथेत आईच्या थडग्यावर लावलेल्या झाडाकडून तिला कपडे मिळतात आणि बूट सोन्याचा असतो. असा प्रत्येक फरक तुमच्यासाठी एक मोकळी वाट आहे.

एक खबरदारी घ्या. या जुन्या कथा कुणाच्याही मालकीच्या नाहीत, पण नंतरच्या चित्रपटांनी त्यात घातलेली भर तशी मोकळी नसते. ग्रिमच्या हिमगौरीतल्या सात बुटक्यांना नावंच नाहीत. डिस्नेच्या १९३७ च्या कार्टूनपटातली नावं उचलू नका.

पायरी २ : कथेतली भोकं शोधा

उदाहरणाला रपन्झेल घेऊ. गरोदर बाईला शेजारच्या चेटकिणीच्या बागेतला पाला खावासा वाटतो. नवरा चोरताना सापडतो आणि जीव वाचवायला होणारं मूल कबूल करून बसतो. मूल जातं, आणि आईबाप कथेतून गायब होतात ते कायमचे! शेवटी मुलगी सुखात नांदते, पण आईबापांची ना ती चौकशी करते, ना ते तिची. आपल्याला मूठभर पाल्यापायी देऊन टाकलं होतं, हे सोळा वर्षांच्या मुलीला कळलं तर?

दुसरं भोक चेटकिणीचं. ती मुलीला, म्हणजे रपन्झेलला, बारा वर्षांची होईपर्यंत सांभाळते आणि मग मनोऱ्यात कोंडते; रपन्झेलनं खाली सोडलेल्या लांब केसांना धरून चेटकीण वर येते, आणि पुढे चोरून एक राजपुत्रही. बाराव्या वर्षीच का? मुळात तिला मूल हवं होतं कशाला?

तिसरं भोक संपादकांनी पाडलेलं आहे. १८१२ च्या आवृत्तीत रपन्झेल चेटकिणीला भाबडेपणानं विचारते, माझे कपडे असे घट्ट का होताहेत? ती गरोदर आहे हे तिथे फुटतं. पुढे हा प्रश्न सोज्वळ वाचकांसाठी काढला गेला आणि त्याजागी ‘तू राजपुत्रापेक्षा ओढायला जड कशी?’ हे वाक्य तिच्या तोंडी आलं. अब्रू राखायला बिचारीची अक्कल काढून घेतली. तुमचे वाचक बारा ते अठरा वर्षांचे असतील, तेव्हा हा प्रसंग ठेवायचा की नाही आणि ठेवला तर किती सांगायचं, हे लिहायला बसण्याआधीच ठरवा.

अशा प्रश्नांची यादी करा आणि त्यातला ज्याचं उत्तर तुम्हालाही ठाऊक नाही, तो एकच निवडा.

पायरी ३ : निर्णय नायिकेला घेऊ द्या

परीकथेत नायिकेच्या बाबतीत गोष्टी घडतात; किशोर कादंबरीत त्या तिनं घडवायला हव्यात, चुकीच्या का होईना. यासाठी मूळ कथा मोडावी लागतेच असं नाही. ग्रिमच्या रपन्झेलमध्ये सुटकेची युक्ती तिचीच आहे : दर भेटीला रेशमाची एक लड आण, मी शिडी विणते. एकदाच दोरखंड का नाही मागितला? कदाचित तिला निघायची घाई नव्हती. कदाचित राजपुत्रावर तिचा अजून विश्वास नव्हता. एवढा धागा पकडला तरी पाच-सहा प्रकरणं सहज निघतात.

पायरी ४ : जादूचा हिशेब मांडा

ग्रिमच्या कथेत रपन्झेलचे केस वीस एल खाली सोडले जातात. एल हे कापड मोजायचं जुनं माप. तेव्हाच्या जर्मन मापानं वीस एल म्हणजे अकरा-बारा मीटर. माणसाचे केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर किंवा किंचित जास्त वाढतात, म्हणजे बारा वर्षांत फार तर पावणेदोन मीटर. उरलेले नऊ-दहा मीटर जादूचे. त्यांची किंमत कोण मोजतं? समजा, दर वितीमागे चेटकिणीच्या बागेतलं एक झाड वठतं. मग बाग की मुलगी, असा पेच चेटकिणीपुढेही उभा राहतो आणि ती नुसती दुष्ट उरत नाही.

नियम एकच ठेवा, पहिल्या पाव भागात दाखवा आणि शेवटी सोयीसाठी मोडू नका.

पायरी ५ : ओळखीच्या खुणा राखा

केस खाली सोडण्याची हाक, केस कापणारी कात्री, काट्यांनी फुटलेले राजपुत्राचे डोळे यांची वाचक वाट पाहत असतो. त्या येऊ द्या, पण अर्थ पालटून. हाक चेटकिणीच्या आवाजात असली तरी खाली उभी आहे ती रपन्झेलची आई, असं झालं तर?

पायरी ६ : खर्डा आणि पहिले वाचक

पन्नास हजार ते एक लाख शब्द पुरेसे होतात. निवेदन शक्यतो नायिकेच्या तोंडी ठेवा. सगळं जाणणारा निवेदक या वयाच्या वाचकाला पटकन उपदेशक वाटतो.

खर्डा दोघांना वाचायला द्या : एक मूळ कथा पाठ असलेला, दुसरा ती कधीच न ऐकलेला. पहिल्यानं पुढचं सगळं आधीच ओळखलं, तर पाचव्या पायरीवर परत या. दुसरा ‘पण चेटकिणीला ती मुलगी का हवी होती?’ असं विचारत असेल आणि याचं उत्तर पुस्तकात कुठेच नसेल, तर दुसऱ्या पायरीपासून पुन्हा सुरुवात करा.