परिषदेसाठी संभाजीनगरला साधं लॉज घेताना

विद्यापीठ शहराच्या उत्तरेला, लेण्यांच्या पायथ्याशी आहे. तिथे परिषद असेल, तर रेल्वे स्टेशनपेक्षा मध्यवर्ती बसस्थानकाजवळचं लॉज सोयीचं.

पैसे देण्याआधी चेक-आउट दुपारी बाराचा की चोवीस तासांचा, हे विचारा. पहाटे पाचला उतरणाऱ्याला बाराच्या नियमात सात तासांसाठी पूर्ण दिवसाचं भाडं पडतं.

मग खोली बघायला वर जा. नळ सोडा, फ्लश ओढा, आतली कडी नीट बसते का पाहा. गिझरची मात्र नीट चौकशी करा, सकाळची सगळी घाई तिथेच होते. पंधरा लिटरच्या, दोन किलोवॅटच्या गिझरला पाणी कडक व्हायला वीसेक मिनिटं लागतात. बोअरचं पाणी जड असतं, कॉइलवर पांढरा थर चढला की आणखी वेळ जातो. काही ठिकाणी गरम पाणी ठरावीक वेळेतच सोडतात. नऊला नोंदणी असेल तर साडेसहालाच बादली भरून घ्या. बोअरच्या जड पाण्यात साबणाला फेस कमी येतो. प्यायला जारचं पाणी मागा.

उन्हाळ्यात कूलर असेल तर खिडकी थोडी उघडी ठेवा. हवा बाहेर गेली नाही तर खोली दमट होते आणि झोप लागत नाही.

आधार कार्डाची झेरॉक्स जवळ ठेवा. बिलावर पूर्ण नाव, आल्या-गेल्याची तारीख आणि शिक्का रात्रीच करून घ्या. सकाळी काउंटरवर मालक असेलच असं नाही, आणि बिलाशिवाय कॉलेजात टीए-डीए (प्रवास आणि दैनिक भत्ता) अडकतो.