चेलो-पियानोचा एन्कोर: या चुका टाळा

मुख्य सोनाटावर महिनोन् महिने रियाज होतो आणि एन्कोरच्या, म्हणजे कार्यक्रम संपल्यावर श्रोत्यांच्या आग्रहाखातर वाजवायच्या जादा रचनेच्या, वाट्याला तालमीची शेवटची काही मिनिटं येतात. बहुतेक बिघाडांचं मूळ इथेच आहे. रचना तीन मिनिटांची असली तरी ती वाजवायची वेळ येते तेव्हा हात थकलेले असतात, तारा उतरलेल्या असतात आणि श्रोते मात्र कान टवकारून बसलेले असतात. म्हणून तालमीतही एन्कोर अख्खा कार्यक्रम वाजवून झाल्यावरच घ्या. सकाळी ताज्या हातांनी तो छान वाजला, यावर विसंबू नका.

‘सोपा’ म्हणून ‘हंस’ निवडणं

कामी सँ-साँसच्या ‘कार्निव्हल ऑफ द ॲनिमल्स’मधला (१८८६) ‘हंस’ बहुतेक विद्यार्थ्यांना लवकर हाताशी येतो. सूर मोजके, लय संथ. पण त्यामुळेच प्रत्येक सूर उघडा पडतो. नेहमीची तक्रार अशी, की बो (गज) बदलताना, म्हणजे त्याची दिशा उलटवताना, ओळ तुटते. दोष बहुधा बदलण्याच्या क्षणात नसतो, त्याच्या आधी असतो: पहिल्याच लांब सुरावर अर्ध्याहून अधिक बो खर्च होतो आणि पुढचे सूर उरलेल्या टीचभर बोमध्ये कोंबावे लागतात. डावा हात बाजूला ठेवून, नुसत्या मोकळ्या तारेवर त्या ओळीचा बो फिरवून पाहा. कुठे किती बो जातो ते लगेच कळतं.

शेवटचा उंच सूर पियानोच्या आधी संपतो, हीसुद्धा ठरलेली अडचण. बोचा वेग कमी करा, तो ब्रिजच्या (तारा पेलणाऱ्या घोडीच्या) किंचित जवळ न्या. तरीही पुरत नसेल तर मध्येच अलगद बो बदला. त्यात कमीपणा काही नाही.

मूळ रचनेत साथीला दोन पियानो आहेत. एकाच पियानोच्या प्रतीत ते सगळं दोन हातांत उतरतं, आणि सूर लांबवणारं पेडल दाबून ठेवलं की साथीतल्या लहरींचा चिखल होतो. पेडल स्वरसंगतीबरोबर बदलायला हवं. आणखी एक: सहा चतुर्थांशांचा (६/४) बार, म्हणजे स्वरलिपीतला एक खंड, सहा ठोक्यांत मोजू नका. दोन मोठ्या ठोक्यांत मोजला की रचना आपोआप पुढे सरकते.

फोरेला रडवेलं करणं

गॅब्रिएल फोरेचं ‘आप्रे झाँ रेव्ह’ हे मुळात गाणं आहे; चेलोवर ते आलं चेलोवादक पाब्लो कासाल्सच्या रूपांतरातून. भावनेच्या भरात लय इतकी उतरते की गायकाला एका श्वासात ती ओळ म्हणताच येणार नाही. स्वतः गाऊन पाहा. श्वास जिथे संपतो तिथे तुमची लय चुकलेली आहे. दुसरी चूक जास्त नुकसान करते. पियानो सरळ, समान स्वरसमूह वाजवत असतो आणि चेलोच्या सुरावटीत त्यावर तीन-तीन समान सुरांचे गट (ट्रिपलेट) येतात. ते गट साथीशी जुळवून सपाट केले की गाण्यातली सगळी ओढ निघून जाते. पियानोवादकाने इथे चेलोमागे धावू नये, आपले स्वर शांतपणे समान ठेवावेत.

टाळ्यांच्या वेगात पॉपर सुरू करणं

डेव्हिड पॉपरचा ‘एल्फेनटान्झ’ किंवा ‘टॅरेंटेला’ या वेगवान रचना घेताना पहिल्या दोन बारांतच निकाल लागतो. उत्साहात लय चढी धरली जाते, थकलेल्या उजव्या हाताला उसळता बो झेपत नाही आणि सूर नुसते खरवडले जातात. सर्वात अवघड ओळ ज्या लयीत स्वच्छ वाजते तीच लय मनात धरा आणि मगच पियानोवादकाला खूण करा.

क्रम आणि खुंट्या

दोन एन्कोर असतील तर वेगवान आधी, शांत नंतर. कासाल्सने १३ नोव्हेंबर १९६१ रोजी व्हाइट हाउसमधल्या मैफलीची अखेर ‘पक्ष्यांचं गाणं’ या कॅटलन (स्पेनमधल्या कॅटलोनियाच्या) लोकधुनेने केली होती. त्यानंतर कोणी टॅरेंटेला काढला असता तर ऐकवलं नसतं.

आणि वाजवण्याआधी तारा जुळवा, टाळ्या चालू असल्या तरी. मुंबई-गोव्याच्या दमट हवेतून वाद्य वातानुकूलित सभागृहात आलं की लाकूड आक्रसतं आणि खुंट्या सरकू लागतात. खुंटी फिरवताना ती आत दाबून फिरवा, नाहीतर ऐन सुरावटीत ए तार सुटेल. रचनेचं आणि रचनाकाराचं नावही मागच्या रांगेपर्यंत पोहोचेल असं मोठ्याने सांगा. छापील पत्रिकेत ते नसतं.