शिडाच्या जुन्या होडीचं कुजलेलं लाकूड कसं बदलावं

आमची होडी पाण्यात कुजली नाही. ती कुजली घरामागच्या शेडमध्ये, ताडपत्रीखाली. ताडपत्रीला मधोमध झोळ पडला, दोन पावसाळे पाणी ठिबकत राहिलं आणि मागच्या फळीच्या कोपऱ्यात जिरलं. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला साधारण २० टक्क्यांहून जास्त ओल लागते. खाऱ्या पाण्यात तिचं फारसं जमत नाही, पावसाचं गोडं पाणी मात्र तिला मानवतं. म्हणून दुरुस्तीआधी पाणी कुठून येतं ते शोधा. ते राहिलं, तर नवं लाकूडही त्याच वाटेनं जाणार.

नागपूरच्या अंबाझरी तलावावर एनसीसीच्या नौदल शाखेची मुलं शिडं उभारतात, ते बघून मला हा नाद लागला. होडी एंटरप्राइज जातीची आहे: जॅक होल्ट यांनी १९५६ मध्ये आखलेली, जेमतेम चार मीटरची, प्लायवूडचं अंग आणि सागवानी काठ. पुढची कृती अशा कुठल्याही छोट्या लाकडी होडीला चालेल.

आधी टोचून बघा

जाड दाभण घ्या, नसेल तर बारीक पेचकस. मागच्या फळीचा खालचा काठ, सेंटरबोर्डच्या (होडीच्या मधोमध पाण्यात खाली सोडायच्या फळीच्या) पेटीचं बूड, डोलकाठी ज्या ठोकळ्यात बसते तो ठोकळा आणि काठपट्टीवरचा प्रत्येक स्क्रू, या जागा आधी बघा. दाभणाच्या मुठीनं ठोकत जा. चांगलं लाकूड टणटणीत वाजतं, कुजलेलं भद्द. आवाज बदलला की टोचा. माझ्या होडीच्या डाव्या कोपऱ्यात दाभण मुठीपर्यंत गेलं, आणि वरचा रंग तर अगदी शाबूत होता! रंगावर म्हणूनच विसंबू नका. उलट लोखंडी स्क्रूभोवती सागवान काळं पडलेलं दिसतं, ते पुष्कळदा नुसता गंजाचा डाग असतो, लाकूड टणक असतं. जिथं दाभण रुतेल तिथं खडूनं रेघ मारा आणि त्या रेघेच्या बाहेर आणखी पाच सेंटीमीटर कापायची तयारी ठेवा. कूज डोळ्यांना दिसते त्याच्या पुढं गेलेली असते. सडक्या लाकडावर इपॉक्सी (दोन भाग कालवले की घट्ट होणारा गोंद) ओतून भागवायचा सल्ला कोणी दिला, तर ऐकून सोडून द्या.

एका वेळी एकच तुकडा

होडी सुताराच्या दोन घोड्यांवर पालथी घाला. कापण्याआधी दोन्ही काठांना जोडणारी एक आडवी पट्टी ठोका, नाहीतर अंग पसरतं आणि नवा तुकडा कधीच नीट बसत नाही. त्याच कारणानं सगळं एकदम उचकटू नका. पितळी स्क्रू हलत नसेल तर त्याच्या डोक्यावर सोल्डरिंगची तापलेली कावी मिनिट-दोन मिनिटं टेकवा, मग फिरवा. जुना तुकडा कितीही भुसभुशीत निघाला तरी फेकू नका, मापासाठी तोच लागतो. तो अगदीच चुरला, तर पुठ्ठ्याचा साचा काढा. मी संत्र्याच्या खोक्याचा काढला, इथं त्याला तोटा नाही.

लाकूड कुठून आणायचं

लकडगंजात आरामशीनवाल्याला काम सांगितलं तर तो म्हणाला, "काहून भाऊ, समुद्र येऊन राहिला का नागपुरात?" पण लाकूड त्यानं चांगलं काढून दिलं. सीपी, म्हणजे जुन्या मध्य प्रांतातलं, सागवान मागा, पूर्ण वाळलेलं. त्याहून बरं म्हणजे महाल या जुन्या वस्तीतल्या पाडलेल्या वाड्याची जुनी चौकट मिळाली तर ती. इतक्या वर्षांत ती जेवढी हलायची तेवढी हलून झालेली असते. रंधा मारण्याआधी खिळे तेवढे शोधून काढा, मी दोन पाती गमावली आहेत. प्लायवूडवर आयएस ७१० चा, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या प्लायवूडच्या भारतीय मानकाचा, शिक्का बघा. या मानकात नमुना ७२ तास उकळून तपासतात. माझा शिक्क्यावरही पूर्ण भरवसा नाही, म्हणून कपचा पातेल्यात दोन-तीन तास उकळतो. थर सुटले तर माल परत.

तिरका जोड

खरी कारागिरी इथं आहे. नवा तुकडा जुन्याला सरळ टेकवून चिकटवला तर जोड टिकत नाही. दोन्ही टोकं तिरकी उतरवावी लागतात: जाडीच्या आठपट लांबी. सहा मिलीमीटर प्लायला ४८ मिलीमीटर, वीस मिलीमीटरच्या काठपट्टीला १६० मिलीमीटर. प्लायचा उतार रंध्यानं काढताना एक सोय आहे: थर आलटूनपालटून फिके आणि गडद पट्टे होऊन उघडे पडतात. पट्टे सरळ आणि सारख्या रुंदीचे दिसले तर उतार बरोबर. एखादा पट्टा वाकला, की तिथं रंधा जास्त लागला आहे किंवा कमी. फूटपट्टीपेक्षा हे पट्टे खरं बोलतात. शेवटची धार कागदासारखी पातळ होते आणि चटकन तुटते, म्हणून खाली एक भक्कम फळी ठेवूनच काम करा.

काठपट्टीला बाक असतो. वीस मिलीमीटरचं सागवान जबरदस्तीनं वाकवू नका, दहा-दहाच्या दोन पट्ट्या चिकटवून तो बाक आणा.

चिकटवणं: संध्याकाळी

साधा पांढरा गोंद इथं चालत नाही, इपॉक्सीच हवं. डब्यावरचं प्रमाण वजनाचं आहे की मापाचं ते नीट वाचा. सागवान तेलकट असतं, लावण्याआधी ॲसिटोननं पुसून घ्या. आधी नुसतं पातळ इपॉक्सी दोन्ही बाजूंना पाजा, मग त्यात लाकडाचा बारीक भुसा घालून दाटसर करून लावा. हातमोजे घाला, घासताना मास्क लावा. रंग फार जुना असेल तर त्यात शिसं असू शकतं, तो पाणी लावूनच घासा.

वेळ महत्त्वाची. मे महिन्यातल्या दुपारी मी वाटीभर इपॉक्सी कालवलं, तर ते ब्रश बुडवेपर्यंत तापून धूर सोडायला लागलं. फेब्रुवारीत काम धरा, पसरट ताटलीत थोडं थोडं कालवा आणि उन्हं उतरल्यावर लावा. सकाळी लाकूड तापत जातं, आतली हवा फुगून बाहेर येते आणि इपॉक्सीला बुडबुडे धरतात. संध्याकाळी लाकूड निवताना ते आत ओढलं जातं.

शिकंजे करकचून आवळले तर सगळा गोंद बाहेर येतो आणि जोड कोरडा राहतो. गोंदाची बारीक ओळ बाहेर आली की थांबा. शिकंजे कमी पडले तर सायकलची जुनी ट्यूब लांब कापून गुंडाळा. मध्ये प्लास्टिक घाला, नाहीतर ट्यूबही होडीचाच भाग होते.

दुसऱ्या दिवशी वरचा मेणचट थर पाण्यानं घासून धुवा, मग पॉलिश पेपर. प्रत्येक कापलेल्या टोकाला आणि स्क्रूच्या भोकाला आतून तीन हात इपॉक्सी द्या, लाकूड टोकाकडूनच पाणी पितं. वर रंग किंवा वॉर्निश हवंच, उघडं इपॉक्सी उन्हानं खराब होतं.

मग होडी सुलटी करा, आत दोन बादल्या पाणी ओता आणि तासभर खालून जोड चाचपत बसा. बोट कोरडं राहिलं, तर ती पाण्यात जायला तयार आहे. शेडमध्ये ठेवताना ती पालथी, विटांवर टेकवून, ताडपत्री आणि अंगामध्ये वीतभर जागा सोडून ठेवा.