ऑनलाइन छळाची तक्रार कशी लिहावी आणि कोठे द्यावी

समाजमाध्यमावर कोणी छळ करू लागले की बहुतेक जण त्या मजकुराशेजारचे तीन ठिपके दाबतात, ‘रिपोर्ट’ निवडतात, समोर येणाऱ्या पर्यायांपैकी एकावर बोट ठेवतात आणि वाट पाहतात. दोन दिवसांनी ‘आमच्या नियमांचा भंग झालेला आढळला नाही’ असे ठरीव उत्तर आले की प्रकरण संपले असे समजून गप्प बसतात. ते बटण कंपनीच्या स्वतःच्या नियमावलीपुरते असते. त्याखेरीज २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी भारतातील वापरकर्त्याला आणखी एक दार उघडून दिले आहे, ते म्हणजे कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याचे. बटणावरचा नकार हा त्या अधिकाऱ्याचा निर्णय नसतो, त्यामुळे त्या नकारानंतरही त्याच्याकडे रीतसर अर्ज करता येतो. हा अर्ज कसा तयार करावा आणि तो फेटाळला गेल्यास पुढे कोठे जावे, ते येथे क्रमाने सांगितले आहे.

ब्लॉक करण्याची घाई करू नये. आधी पुरावा गोळा करावा, कारण ब्लॉक केल्यावर समोरच्याचे खाते स्वतःलाही नीट पाहता येत नाही आणि मजकूर पुसून तो मोकळा होऊ शकतो. स्क्रीनशॉट पूर्ण पडद्याचा घ्यावा. केवळ शिवी दिसेल असा कापलेला तुकडा पुढे फारसा उपयोगी पडत नाही. खात्याचे नाव, मजकूर, तारीख आणि वेळ एकत्र दिसली पाहिजे. मोबाइलवर पुष्कळदा ‘३ आठवडे’ एवढेच दिसते. अशा वेळी संगणकावर पोस्ट उघडून नेमकी तारीख टिपून घ्यावी. खात्याचे नाव वापरकर्ता केव्हाही बदलू शकतो, म्हणून पोस्टची, टिप्पणीची आणि प्रोफाइलची लिंक वेगवेगळी उतरवून ठेवावी. प्रोफाइलपासून त्या टिप्पणीपर्यंत जातानाचे स्क्रीन रेकॉर्डिंग करून ठेवले तर ‘हे चित्र बनवलेले आहे’ या आक्षेपाला बऱ्याच अंशी उत्तर मिळते. ज्या फोनवर संदेश आले तो विकू नये आणि फॉरमॅट करू नये, कारण न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुरावा दाखल करताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र लागते आणि त्यात उपकरणाचा तपशील द्यावा लागतो.

व्हॉट्सअॅपच्या बाबतीत एक बारकावा ध्यानात ठेवण्याजोगा आहे. तेथे एखाद्या क्रमांकाविरुद्ध रिपोर्ट केला की त्या व्यक्तीने आपल्याला पाठवलेले शेवटचे पाच संदेश कंपनीकडे जातात आणि त्या व्यक्तीला तसे कळवले जात नाही. धमकी सोमवारी आली, त्यानंतर ‘सॉरी’, ‘उत्तर द्या ना’, ‘शुभ सकाळ’ असे सात संदेश आले आणि रिपोर्ट गुरुवारी केला, तर तपासणाऱ्याच्या हाती शुभ सकाळच पडते. अशा वेळी धमकीच्या संदेशावर बोट दाबून धरून तोच संदेश रिपोर्ट करावा.

आता भाषेचा प्रश्न, ज्यावर मराठीतील तक्रारी सर्वाधिक अडतात. छाननीची पहिली चाळण यंत्राची असते. त्यानंतर एखाद्या माणसाने मजकूर वाचला तरी त्याला मराठी कळतेच असे नाही, आणि कळली तरी गावाकडची बोली कळतेच असे नाही. मजकूर रोमन लिपीत वाकडातिकडा लिहिलेला असेल तर अडचण दुप्पट होते. माझ्या परिचयातील एका शिक्षिकेच्या छायाचित्राखाली एकाने लिहिले होते, ‘ताई, तुमची वरात काढायची वेळ आली. शाळा किती वाजता सुटते ते ठाऊक आहे.’ शब्दशः पाहिले तर यात लग्नाची मिरवणूक आहे आणि शाळेच्या वेळेची चौकशी आहे. तिने ‘अपमानास्पद भाषा’ हा पर्याय निवडून केलेला रिपोर्ट फेटाळला गेला. ‘बघून घेईन’, ‘तुझा कार्यक्रम करतो’, ‘घर माहीत आहे’ या वाक्यांचेही तसेच आहे. मराठी माणसाच्या अंगावर काटा येतो आणि यंत्राला त्यात गैर काहीच दिसत नाही. म्हणून मूळ वाक्य जसेच्या तसे लिहून त्याखाली त्याचा प्रचलित अर्थ आणि आपल्या परिस्थितीत त्याला आलेला अर्थ एकेका वाक्यात स्पष्ट करावा. कंपनीचा अर्ज इंग्रजीत भरायचा असेल तर हा खुलासा इंग्रजीत द्यावा, पण मूळ मराठी वाक्य वगळू नये. त्या शिक्षिकेने दुसऱ्या अर्जात सुमारे असे लिहिले: ‘वरात काढणे याचा येथे अर्थ भररस्त्यात धिंड काढणे असा आहे, लिहिणाऱ्याने माझ्या शाळेची सुटण्याची वेळ जाणून असल्याचे सांगितले आहे, म्हणून ही शारीरिक इजेची धमकी आहे, केवळ टीका नव्हे.’ ती टिप्पणी दोन दिवसांत हटली.

हा दुसरा अर्ज बटणावरून करू नये, तो तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे द्यावा. त्याचे नाव आणि संपर्काची पद्धत संकेतस्थळावर किंवा अॅपमध्ये ठळकपणे देणे कंपनीवर बंधनकारक आहे. ५० लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या मंचांनी हा अधिकारी भारतातच नेमायचा असतो, प्रत्येक तक्रारीला स्वतंत्र क्रमांक द्यायचा असतो आणि निर्णयाची कारणेही शक्य तेवढी कळवायची असतात. २०२१ च्या मूळ नियमांनुसार तक्रारीची पोच २४ तासांत आणि निकाल १५ दिवसांत मिळायला हवा. नंतरच्या दुरुस्त्यांचा कल या मुदती आखडण्याकडे आहे, म्हणून अर्जापूर्वी केंद्राच्या इलेक्ट्रॉनिकी व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाच्या संकेतस्थळावरील नियमांची अद्ययावत प्रत उघडून तीतील मुदत अर्जात लिहावी. अर्ज छोटा असावा: आपण कोण, मजकुराची लिंक कोणती, तो केव्हा दिसला, नियम ३ मधील कोणत्या प्रकारात तो मोडतो (खासगीपणाचा भंग, लिंगावरून छळ, दुसऱ्याचे सोंग घेणे इत्यादी), आधी केलेल्या रिपोर्टचे काय झाले आणि आपल्याला नेमके काय हवे आहे. ‘योग्य ती कारवाई व्हावी’ हे सरकारी अर्जातले वाक्य येथे निरुपयोगी आहे. मजकूर काढावा, खाते बंद करावे, की दोन्ही करावे, ते स्पष्ट लिहावे. मनस्तापाचे चार परिच्छेद लिहिण्याचा मोह होतो आणि तो स्वाभाविकही आहे, पण त्यात लिंक हरवते.

नग्न किंवा अर्धनग्न छायाचित्र, मॉर्फ केलेला (दुसऱ्या चित्रावर कृत्रिमरीत्या बसवलेला) चेहरा किंवा आपल्या नावाचे बनावट खाते असेल तर नियमांत वेगळी, जलद तरतूद आहे: पीडित व्यक्तीने किंवा तिच्या वतीने कोणीही तक्रार केल्यास २०२१ च्या मूळ नियमांप्रमाणे २४ तासांत त्या मजकुराविरुद्ध पावले उचलावी लागत. आताची मुदत नियमांच्या अद्ययावत प्रतीत पाहावी. अर्जाच्या पहिल्याच ओळीत या तरतुदीचा उल्लेख करावा. शिवाय प्रौढ व्यक्तींसाठी ‘स्टॉप एनसीआयआय’ ही विनाशुल्क सेवा आहे. तीत छायाचित्र आपल्या फोनवरच राहते. त्यापासून तयार झालेला आकडी ठसा तेवढा सहभागी कंपन्यांकडे जातो आणि तेच छायाचित्र कोणी चढवल्यास ते ओळखता येते. अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत ‘टेक इट डाउन’ ही तशीच सेवा आहे.

अधिकाऱ्याचा निर्णय पटला नाही, किंवा मुदत उलटूनही उत्तर आले नाही, तर केंद्र सरकारने नेमलेल्या तक्रार अपील समितीकडे जाता येते. २०२२ च्या दुरुस्तीने या समित्यांची सोय झाली आणि जानेवारी २०२३ मध्ये अशा तीन समित्या अधिसूचित झाल्या. निर्णय कळल्यापासून ३० दिवसांच्या आत जीएसी डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावर अपील दाखल करावे. सर्व कामकाज ऑनलाइन चालते. येथे कंपनीने दिलेला तक्रार क्रमांक आणि तिचे उत्तर जोडावे लागते. नुसते बटण दाबून थांबलेल्यांची गाडी अडते ती इथेच.

धमकी, पाठलाग, खंडणी किंवा अश्लील छायाचित्रांचा प्रसार असेल तर पोलिसांकडे जाण्यासाठी कंपनीच्या उत्तराची वाट पाहण्याचे कारण नाही. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या केंद्रीय पोर्टलवर स्त्रिया व मुलांविरुद्धच्या गुन्ह्यांची तक्रार नाव न देताही करता येते, मात्र निनावी तक्रारीची पुढची स्थिती पाहता येत नाही. पोलीस ठाण्यात गेल्यास ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ हे उत्तर स्वीकारू नये. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्द कोणतीही असो, दखलपात्र गुन्ह्याची (ज्याचा तपास पोलीस न्यायालयाच्या आदेशाविना करू शकतात) माहिती नोंदवून घ्यावी लागते. एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहून बोळवण होऊ लागल्यास स्त्रीच्या इंटरनेट वापरावर पाळत ठेवण्याबाबतचे भारतीय न्याय संहितेचे कलम ७८, तसेच माहिती तंत्रज्ञान अधिनियमातील ६६ सी (ओळखीची चोरी), ६६ डी (सोंग घेऊन फसवणूक), ६६ ई (खासगीपणाचा भंग) आणि ६७ (अश्लील मजकूर) यांपैकी लागू पडेल ते अर्जात नमूद करावे. जुन्या नमुन्यांवरून उतरवलेल्या अर्जांत अजूनही आक्षेपार्ह संदेशांबाबतचे ६६ ए हे कलम आढळते. ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले आहे, तेव्हा ते खोडावे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही असलेली पोच घ्यावी. हे सारे लवकर करावे, कारण हटवलेला मजकूर आणि त्यासंबंधीची माहिती तपासासाठी १८० दिवस जपून ठेवण्याचे बंधन २०२१ च्या नियमांनी कंपनीवर घातले आहे, आणि ते दिवस मजकूर हटल्यापासून मोजले जातात.