मोतीबिंदूच्या भुलीचा क्लेम पाठवण्यापूर्वी

पुण्यात किंवा नवी मुंबईत बसून अमेरिकेतल्या डोळ्यांच्या ऑपरेशनच्या भुलीचे क्लेम, म्हणजे विम्याकडे पाठवायची बिलं, करायला नुकतेच लागला असाल, तर कोड पाठ नाहीत म्हणून घाबरू नका. मेडिकेअर, म्हणजे तिथला मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी विमा, किती पैसे देणार हे मुख्यतः भूल कोणी दिली आणि किती मिनिटं दिली यावर ठरतं. ही उत्तरं सर्जनच्या नोटमध्ये शोधू नका, भुलीचं रेकॉर्ड उघडा. ते पेशंटच्या फाइलमध्ये (चार्टमध्ये) नसेल तर क्लेम तिथेच थांबवा.

सर्जनने मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा कोड ६६९८४ लावला असेल तर भुलीचा कोड ००१४२, म्हणजे लेन्सवरची शस्त्रक्रिया, बेस युनिट (त्या कोडला वेळेशिवाय मिळणारे ठरलेले युनिट) ४. कॉर्निया प्रत्यारोपणाला ००१४४, व्हिट्रिओरेटिनल, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या, ऑपरेशनला ००१४५, आणि तिरळेपणासारख्या वेगळा कोड नसलेल्या ऑपरेशनला ००१४०.

वेळेवर मात्र थांबून नजर टाका. भूलतज्ज्ञ ऑपरेशन थिएटरमध्ये किंवा तशाच जागी भुलीसाठी पेशंटची तयारी सुरू करतो तिथून घड्याळ सुरू, आणि पेशंट पुढच्या स्टाफच्या ताब्यात सुरक्षित दिला की बंद. क्लेमवर मिनिटं लिहा, युनिट नव्हे. १०:०२ ते १०:२८ असेल तर २६ मिनिटं. मेडिकेअर १५ ने भागून १.७ युनिट धरतं, बेसचे ४ मिळवून ५.७. दिवसभराच्या सगळ्या केसेस बरोबर अर्ध्या तासाच्या दिसल्या, तर वेळा अंदाजाने लिहिल्या आहेत असं समजून विचारणा कराच.

मग मॉडिफायर, म्हणजे भूल कोणी आणि कशी दिली हे सांगणारी, कोडला जोडायची दोन अक्षरं. डॉक्टरने स्वतः भूल दिली तर एए. सीआरएनए, म्हणजे भूल देणारी प्रशिक्षित नर्स, डॉक्टरच्या देखरेखीशिवाय काम करत असेल तर क्यूझेड. डॉक्टर एका वेळी दोन ते चार केसेस बघत असेल तर त्याला क्यूके आणि सीआरएनएला क्यूएक्स, दोघांना निम्मे निम्मे पैसे. क्यूके लावण्याआधी मेडिकेअरने देखरेखीसाठी घातलेल्या सातही अटींची नोंद रेकॉर्डमध्ये आहे का ते वाचा. केवळ सही पुरत नाही. मोतीबिंदूत बहुतेकदा देखरेखीखालची हलकी भूल असते, तिचा मॉडिफायर क्यूएस, तो वरच्या मॉडिफायरनंतर येतो. डोळ्यामागचा ब्लॉक, म्हणजे बधिर करणारं इंजेक्शन, भूलतज्ज्ञाने दिला आणि तीच त्या ऑपरेशनची भूल असेल, तर त्या इंजेक्शनचा कोड ६७५०० वेगळा लावू नका.

क्वालिटीचे कोड, म्हणजे उपचारांचा दर्जा कळवणारे कोड, ती माहिती गोळा करणाऱ्या रजिस्ट्रीकडे जातात, आणि नवे कोडर इथे घाई करतात. शरीराच्या तापमानाचा ४२४ नंबरचा मेजर (दर्जाचा निकष) ६० मिनिटं किंवा जास्त चाललेल्या जनरल किंवा मणक्यातल्या भुलीसाठी आहे. हलक्या भुलीतला मोतीबिंदू त्यात येतच नाही. धूम्रपानाचा ४०४ मात्र येऊ शकतो. पेशंट सध्या धूम्रपान करणारा, ऑपरेशन ठरवून केलेलं आणि ऑपरेशनच्या दिवशी ओढू नका ही सूचना आदल्या दिवसापर्यंत दिलेली, हे तिन्ही लिहिलेलं हवं. मग ऑपरेशनच्या दिवशी भुलीआधी सिगारेट ओढली नसेल तर जी९६४४, ओढली असेल तर जी९६४५. उत्तर प्रतिकूल आहे म्हणून केस गाळू नका, तो खोटा रिपोर्ट होतो.

लहान मुलांच्या तिरळेपणाकडे विशेष लक्ष द्या. ४६३ हा मेजर ३ ते १७ वयाच्या, वायूची जनरल भूल घेतलेल्या आणि उलटीचे किमान दोन धोके असलेल्या मुलांसाठी आहे. तीन वर्षं पूर्ण असणं हा एक धोका आणि तिरळेपणाचं ऑपरेशन हा दुसरा, म्हणजे असं मूल आपोआप मोजणीत येतं. उलटी टाळणारी वेगवेगळ्या गटांतली दोन औषधं दिली का, हे औषधांच्या रकान्यात बघा.

शेवटी निदान. दोन्ही डोळ्यांत वयामुळे झालेला न्यूक्लिअर (लेन्सच्या मधल्या भागातला) मोतीबिंदू असेल तर पहिल्या ऑपरेशनला एच२५.१३ लावा. काही आठवड्यांनी दुसरा डोळा करायला पेशंट आला की जुना क्लेम कॉपी करू नका: पहिल्या डोळ्यात आता मोतीबिंदू नाही, म्हणून उरलेला उजवा असेल तर एच२५.११, डावा असेल तर एच२५.१२.