अठरा पूर्ण होण्याआधीची तयारी

मुलगा किंवा मुलगी अठरा वर्षांची झाली की कायद्याने ती सज्ञान ठरते आणि तिच्या वतीने सही करण्याचा आईवडिलांचा अधिकार संपतो. सौम्य बौद्धिक दिव्यांगत्व असले तरी त्यात फरक पडत नाही. म्हणून तयारी सोळाव्या वर्षीच सुरू करावी. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या सज्ञान व्यक्तीसाठी स्थानिक समितीकडून कायदेशीर पालक नेमून घेता येतो, परंतु ज्याला साधे व्यवहार समजतात त्याच्यासाठी घाईने हा मार्ग धरणे मला योग्य वाटत नाही.

दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी शासनाच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून नाशिकच्या जिल्हा शासकीय रुग्णालयात तपासणी करून घ्यावी. ‘सौम्य’ म्हटल्यावर काहीच मिळणार नाही, असे समजून अनेक घरे हा हेलपाटा टाळतात. वास्तविक २०१८च्या मार्गदर्शक सूचनांत सौम्य बौद्धिक दिव्यांगत्व ५० टक्के धरले होते आणि शासकीय नोकरीतील ४ टक्के आरक्षणासाठी किमान ४० टक्के पुरतात. टक्के कमी भरले तरी परीक्षेत उत्तरे लिहून देणारा लेखनिक घेण्याचा मार्ग बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे.

खरी अडचण बँकेत येते. अठरा पूर्ण झाल्यावर खात्यासाठी नव्याने नमुना सही द्यावी लागते, आणि जिची सही दर वेळी वेगळी पडते तिचे काम तिथेच अडते. मग वडीलच ‘अंगठा घ्या’ म्हणून मोकळे होतात. त्याऐवजी एकच सुटसुटीत सही ठरवून, पैसे काढण्याच्या स्लिपवर असते तेवढ्याच चौकटीत ती वर्षभर आधीपासून गिरवून घ्यावी. मागच्या माणसाने घाई केली तरी खिडकीपाशीच नोटा मोजायच्या, हेही शिकवावे. मोबाइलवरून पैसे देण्यासाठी वेगळे खाते ठेवून त्यात आठवड्याच्या खर्चापुरतीच रक्कम ठेवावी.

प्रवासाचा सराव नाशिकमध्ये निमाणीहून सातपूरला जाणाऱ्या सिटीलिंक या शहर बसने करता येईल. प्रथम शेजारी बसावे, मग दोन बाके मागे, नंतर उतरण्याच्या थांब्यावर वाट पाहावी आणि शेवटी घरीच थांबावे. थांबा चुकला तर काय करायचे, याचा सराव मुद्दाम थांबा चुकवूनच करावा.

सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यात काम मिळाल्यास एका वेळी एकच सूचना द्यावी आणि कामांचा क्रम लिहून लावावा, अशी विनंती पर्यवेक्षकाला मुलाने स्वतः करावी. पालकांनी सोबत जावे, पण त्याच्या वतीने बोलू नये. कामाची पाळी बदलल्याचा निरोपही थेट त्याच्याच फोनवर यावा.