भयकथांची मालिका एका चित्रपटात गुंफताना

अशा चित्रपटाचे लेखन सूत्रकथेपासून, म्हणजे सगळ्या कथांना जोडणाऱ्या कथेपासून, सुरू करावे. १९४५ च्या ‘डेड ऑफ नाइट’ या ब्रिटिश चित्रपटात एका वास्तुविशारदाचे दुःस्वप्न हेच सूत्र आहे, आणि खरी भीती त्या सूत्रातूनच उभी राहते. नागपुरात असे सूत्र आयते मिळते : पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ या आरोळ्यांत निघणारी काळी आणि पिवळी मारबत (पीडेचे प्रतीक मानलेले मोठे पुतळे) ज्या घरांसमोरून जाते, त्यांपैकी एकेका घराची पीडा ही एकेक कथा करावी. मारबत जाळल्यावरही एक पीडा मागे उरते, हे सूत्रकथेतच दाखवावे. कथा तीन-चारच असाव्यात आणि सर्वांत भेदक कथा शेवटी यावी. विनोदी कथा घ्यायचीच असेल तर ती मध्ये, अगदी आटोपशीर ठेवावी.